खाखरतळावाची कार्डं

देवांची भांडी अर्धीच घासून झाली होती. ताम्हन आणि पळी चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलेली, निरांजनं अजून काळीच, आणि मी मोरीत बसून समईचा दांडा चोळत होते, तेव्हा नीरावन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, मालविकाचं काळं पेन कुठे असतं?"

"टीव्हीखालच्या खणात बघा. काय लिहायचंय?"

"थोडं राहून गेलंय ते."

आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून मी ओल्या हातांनीच बाहेर आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी आपली पक्ष्यांची कार्डं वर्षावार मांडली होती. टेबल भरून उरलेली खुर्च्यांवर. पंखा बंद केलेला, कागद उडू नयेत म्हणून. वन्संनी चष्मा पुसला, पहिलं कार्ड ओढलं आणि वरच्या ओळीत, जिथे 'स्थळ' असं छापलंय आणि पुढे कायम नुसती टिंबं असायची, तिथे सावकाश लिहिलं: खाखरतळाव, पादरा रोड.

"वन्सं, असं आता लिहिलेलं चालतं?"

"खोटं कुठे लिहितेय? जिथे बघितलं तेच लिहितेय." त्यांनी मान वर केली नाही. "तू तुझं काम कर."

मी परत मोरीत गेले. दुपारभर बाहेरून पेनाचा आणि कार्ड उचलून ठेवल्याचा आवाज येत होता.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही. संस्थानच्या काळात आमच्या घरातली माणसं हुजूर कचेरीत दप्तरं सांभाळायची, आणि ते वळण घरात कोणाच्या हाती उतरलं असेल तर वन्संच्या. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, पाळीची. रात्रपाळी संपली की बाकीच्या बायका घरी जाऊन झोपायच्या, आणि या पादऱ्याच्या बसमध्ये बसायच्या. मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "आमची नीरा सकाळची कुठे जाते ते विचारू नकोस. चांगल्याच ठिकाणी जाते, एवढं ध्यानात ठेव." नव्या सुनेच्या मनात काय काय येईल! मग आठवड्याभराने वन्संनीच दुर्बीण आणि एक घडीचं जाड कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

शहरातलं पक्षीमंडळ ही कार्डं छापून घेत असे. चार पानी घडी. आत जिल्ह्यात दिसणाऱ्या पक्ष्यांची नावं एकाखाली एक, प्रत्येक नावापुढे खूण करायला छोटासा चौकोन. वर तारीख, स्थळ, निरीक्षक. नावं गुजरातीत आणि इंग्रजीत. वन्सं त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात मराठी नावं लिहायच्या: टिबुकली, शेकाट्या, थापट्या, चमचा, कमळपक्षी. मला ती नावं वाचायला आवडायची. पक्षी मला ओळखता येत नसत, अजूनही येत नाहीत.

त्यांचे नियम फार कडक. पाण्याकाठी उभं राहून, डोळ्यांनी बघितलेल्याच पक्ष्यावर खूण. नुसता आवाज आला तर नाही. घरी येऊन आठवून तर मुळीच नाही. एकदा हे चहा पिताना म्हणाले, "ताई, टिटवीपुढे खूण नाही? टिटवी तर साऱ्या बडोद्याला ऐकू येते."

"मला दिसली नाही."

"ओरडत होती ना?"

"दामू, तू बँकेत सहीशिवाय चेक पास करायचास का?"

"माणूस समोर उभा राहून ओरडत असेल तर करायचो," हे म्हणाले, आणि वन्संसुद्धा हसल्या.

स्थळाची जागा मात्र त्या रिकामी ठेवत. पहिल्यापासून नाही. एका पावसाळ्यात, आधी त्या ज्या तळ्यावर जायच्या तिथल्या उथळ पाण्यात, पाणगवताच्या ढिगावर सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. माणसाएवढे उंच ते पक्षी, लाल मानेचे. वन्संनी आनंदाने कार्ड भरलं, स्थळ नीट लिहिलं आणि मंडळात देऊन आल्या. पुढच्याच रविवारी तिथे गाड्या. कॅमेऱ्याची लांब नळकांडी घेऊन माणसं गुडघाभर पाण्यात. अंड्यांचा जवळून फोटो हवा म्हणून एकजण ढिगापर्यंत गेला. जोडी उडाली ती परत फिरकलीच नाही, आणि अंडी कावळ्यांनी फोडली. वन्सं घरी आल्या आणि चिखलाच्या चपला घालूनच सोफ्यावर बसल्या. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "मीच पत्ता दिला गं."

मग त्यांनी त्याच रस्त्याला दुसरं तळं शोधलं, आणि त्यानंतर कार्डावर पक्षी असायचे, तारीख असायची, निरीक्षकाचं नाव असायचं, जागा नसायची. कार्डाची एक झेरॉक्स दर हिवाळ्याला त्या मंडळात देत. मंडळ चालवणारे हेरंब कधीमधी विचारायचे, "ताई, आता तरी सांगा हो, सारस कुठे बघता?" त्या म्हणायच्या, "जिल्ह्यात." मंडळाला जिल्ह्याची यादी करायची असे, तेवढ्यावर भागायचं. वन्संनी स्वतः कधी फोटो काढला नाही. त्या रविवारनंतर कॅमेऱ्याचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. फोनसुद्धा बटणांचा. मालविका, म्हणजे आमची मुलगी, चेष्टेने म्हणायची, "आत्याचं लफडं आहे तिकडे. पत्ता देत नाही, फोटो दाखवत नाही." वन्सं म्हणायच्या, "दोघं आहेत. दोघंही लाल मानेचे."

आम्हालाही तळ्याचं नाव कळलं ते गेल्या पावसाळ्यानंतर. वन्सं जेवायला बसल्या, भात कालवला आणि तसाच ठेवला. म्हणाल्या, "खाखरतळावावर खुंट्या मारल्यात. लाल रंगाच्या."

"कुठला तळाव?" यांनी विचारलं.

"माझा," वन्सं म्हणाल्या. मग सगळं सांगितलं.

मालविका अलकापुरीत ऑफिसला जाते, तिला कागदपत्रांचं कळतं. तिने शोधून काढलं: सरकारी दप्तरात ती जमीन खराबो म्हणून होती, म्हणजे पडीक. एका कंपनीला गोदामांसाठी द्यायची होती. गावाच्या पंचायतीने हरकत नाही म्हणून ठराव देऊन टाकला होता. कोणाला तक्रार असेल तर अर्ज करा, सुनावणी होईल, अशी नोटीस निघाली होती. वन्संनी अर्ज केला. एकट्यांचाच अर्ज.

मग तपासणीला साहेब लोक येणार म्हणून कळलं, तर त्याच्या आधी कोणीतरी तळ्याची पाळ फोडली. पाणी वाहून गेलं. साहेब आले तेव्हा तळ कोरडा, भेगाळलेला, मधे दोन म्हशी. एकही पक्षी नाही. त्यांनी लिहून नेलं: पाणी नाही, पक्षी नाहीत. वन्सं गावातल्या ओळखीच्या घरी गेल्या, ज्यांच्या ओट्यावर वर्षानुवर्षं पाणी प्यायल्या त्या घरी. म्हातारे काका म्हणाले, "बेन, पक्षी तो आवे ज छे, हुं क्यां ना पाडुं छुं? पण कचेरीमां नहीं आवुं. छोकराने गोदाममां नोकरी आपवाना छे." म्हणजे पक्षी येतात हे कबूल, पण मुलाच्या नोकरीपायी कचेरीत यायला ते तयार नव्हते.

तेव्हा खाखरतळावात पक्षी येतात हे दाखवायला जगात काय उरलं, तर वन्संची कार्डं. आणि कार्डांवर खाखरतळाव कुठेच नव्हतं.

म्हणून ती दुपार. म्हणून ते काळं पेन. सगळी कार्डं भरून झाली तेव्हा बाहेर अंधारायला आलं होतं. वन्संनी पेनाला टोपण लावलं, खणात ठेवलं आणि हात धुतले. साबण लावून, बराच वेळ. संध्याकाळी मी दिवा लावला तेव्हा त्या देवघरात आल्या नाहीत. एरवी देवाचं फारसं करत नसल्या तरी दिवा लागला की येऊन हात जोडायच्या.

सुनावणीला आम्ही तिघी गेलो. यांचे गुडघे, कचेरीचे जिने. हे घरीच राहिले. मी सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तनं करून निघाले होते आणि पर्समध्ये गणपतीचा अंगारा होता. खोली लहान होती. साहेब सभ्य वाटले, वन्संना आधी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. कंपनीतर्फे एक तरुण वकील. वन्संनी पिशवीतून कार्डं काढून साहेबांपुढे ठेवली आणि स्वच्छ गुजरातीत सांगितलं की कुठल्या महिन्यात कोण येतं, हंस कुठून येतात, सारस कुठे उभे राहतात. साहेब ऐकत होते. खरोखर ऐकत होते. एक कार्ड उचलून, एवढे सगळे पक्षी बघून, म्हणाले, "वाह बेन, आटला बधा?" मला वाटलं, झालं आपलं काम.

वकील म्हणाला, "साहेब, आ बधा पक्षी तो वढवाणामां पण आवे छे. आखुं वडोदरा त्यां जाय छे." वढवाणा म्हणजे तिकडचं मोठं, नावाजलेलं तळं. साहेबांनी कार्डाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "अहीं लख्युं छे ने, खाखरतळाव." वकिलाने आपल्या कागदांत डोकं घातलं.

तेवढ्यात दार ढकलून हेरंब आत आले, धापा टाकत. हातात मंडळाची जाडजूड फाईल. मालविकाने त्यांना फक्त सुनावणी आहे एवढंच कळवलं होतं. ते स्वतःच्या मनाने, वन्संना आधार म्हणून आले होते. "साहेब, मैं पक्षीमंडळ से हूं," त्यांनी हिंदीत सुरुवात केली आणि घाईत मराठीवर आले. "ताई इतक्या वर्षांपासून आम्हाला नोंदी देतात. यांच्यासारखं काटेकोर कोणी नाही. ही बघा, प्रत्येक वर्षाची नक्कल आमच्याकडे आहे." आणि फाईल उघडून साहेबांच्या समोर ठेवली.

मी वन्संकडे पाहिलं. त्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या. हात मांडीवर.

साहेबांनी फाईलमधली एक नक्कल घेतली, त्याच तारखेचं मूळ कार्ड शोधून शेजारी ठेवलं. मग दुसरी. मग तिसरी. पक्षी तेच, खुणा त्याच, तारीख तीच. नकलेवर स्थळापुढे नुसती टिंबं. वकील उठून टेबलाजवळ आला, त्याने काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. साहेबांनी चष्मा काढला आणि जागेचं नाव कधी लिहिलं ते विचारलं.

"बेन, आ जग्यानुं नाम क्यारे लख्युं?"

मालविकाने टेबलाखालून आत्याचा पदर ओढला, हे मी पाहिलं.

वन्सं म्हणाल्या, "परवा."

मग त्यांच्या लक्षात आलं की मराठीत बोललो, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "परमदिवसे."

हेरंब उभेच राहिले. त्यांना सगळं उशिरा समजलं. "ताई, अहो..." एवढंच म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, आधी का लिहिलं नव्हतं? वन्संनी घरट्याची गोष्ट सांगितली, थोडक्यात, खालच्या आवाजात. साहेबांनी मान हलवली. "समजुं छुं. पण मारे कागळ पर शुं लखवुं?" वकील म्हणाला, नाव मागाहून घातलं तर पक्षीही मागाहून घातले नसतील कशावरून? तेव्हा मात्र वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलावरची विस्कटलेली कार्डं वर्षावार सारखी केली. एका टिटवीसाठी भावाशी भांडणारी बाई, तिला हे कोणीतरी तोंडावर म्हटलं होतं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मालविका रडकुंडीला आली. "आत्या, तेव्हाच लिहिलं होतं म्हणायचं ना. नक्कल काढून दिली आणि मग लगेच आपल्या कार्डावर लिहिलं, काहीही म्हणता आलं असतं."

"विचारलं त्यांनी," वन्सं म्हणाल्या.

"मग? खरं तर तेच आहे ना, खाखरतळावच आहे ना?"

"हो. खरं तेच आहे." आणि रिक्षात चढल्या. सारा रस्ता पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होत्या. मी पर्समधला अंगारा काढला नाही. कोणाला लावायचा?

निकालाचा कागद आला त्यात दोन ओळी होत्या. आधार नाही, म्हणून हरकत फेटाळली. कार्डंही परत आली, एका प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकावर कचेरीचा जांभळा शिक्का मारलेला. काही शिक्के थेट पक्ष्यांच्या नावांवर. यांनी ती पिशवी कपाटावर ठेवली. वन्संनी विचारलंसुद्धा नाही कुठे ठेवली.

भराव सुरू झाला तेव्हा वन्सं रोज जायला लागल्या. पादऱ्याची बस, तोच थांबा. यांनी अडवून पाहिलं. "ताई, तिथे जाऊन काय करणार आहेस?"

"उभी राहते."

"त्याने काय होणार?"

"काही नाही रे दामू."

एक दिवस मी सोबत गेले. एकट्या सोडवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते तळं पाहिलं, आणि ते तळं उरलं नव्हतं. डंपर येत होते, पाडलेल्या घरांचा राबिट ओतत होते: विटा, फरशांचे तुकडे, एका भिंतीला अजून निळा रंग. पाळीवरची खाखराची झाडं, आपण पळस म्हणतो ती, तोडून एका बाजूला रचली होती. धूळ एवढी की पदर नाकाला. वन्सं रस्त्याच्या कडेला, रोजच्या जागी असाव्यात तशा उभ्या राहिल्या. गळ्यात दुर्बीण होती, डोळ्यांना लावली नाही.

मग पलीकडून ते आले. मलाही ओळखू आले, इतके मोठे. दोघं. भरावावर दोन घिरट्या घातल्या, पाय खाली सोडले, पुन्हा वर उचलले. शेवटी शेजारच्या एरंडाच्या शेतात उतरले आणि झाडांच्या वर दोन लाल माना तेवढ्या दिसत राहिल्या. बराच वेळ. डंपर मागे येताना तो पी-पी आवाज करतो, तेव्हा त्या दोन माना एकदम तिकडे वळायच्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "वन्सं, दिसले ना? कार्ड आणलंय का? खूण करा की."

"ते शेतात आहेत," वन्सं म्हणाल्या. "कार्ड तळ्याचं आहे."

परतीच्या बसमध्ये त्या एकदाच बोलल्या. "मी नाव लपवलं नसतं तर तळं जगाला माहीत झालं असतं. वढवाण्यासारखं. फोटोवाले आले असते, अंडी फुटली असती. पण तळं राहिलं असतं." मी म्हटलं, असं काही नसतं, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, देव बघतो. त्या म्हणाल्या, "बघत असेल." रागाने नाही. तळं वाचावं म्हणून मी आवर्तनं धरली होती. आवर्तनं मोडलेली नाहीत, रोज करते, पण शेवटी हात जोडून मागायची वेळ येते तेव्हा गप्प बसते.

त्यानंतर वन्संनी जाणं सोडलं.

हेरंब मधे येऊन गेले. चहा झाला. कपातला शेवटचा घोट तसाच ठेवून म्हणाले, "ताई, मी ती फाईल आणली नसती तर."

"तुम्ही होतं तेच आणलंत."

"रविवारी वढवाण्याला गाडी जातेय. या ना. नवीन कार्डं छापलीत, अक्षर मोठं केलंय." त्यांनी एक कार्ड टीपॉयवर ठेवलं.

वन्संनी ते उलटसुलट पाहिलं आणि त्यांच्या हातात परत दिलं. "तिथे बघणारे पुष्कळ आहेत," म्हणाल्या. हेरंब निघताना जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, बोलतात का घरी?" मी म्हटलं, बोलतात. बोलतातच. भाजीला मीठ कमी आहे म्हणतात, दूध आलं म्हणतात, दामूच्या गोळ्या संपल्या म्हणतात. गच्चीवर वाळवण राखायला बसवलं तर चिमण्या येतात, पण या मान वर करत नाहीत. नुसता हात हलवून हाकलतात.

सवय मात्र सुटत नाही शरीराची. आताही सूर्य उगवायच्या आत त्या उठतात, आंघोळ करतात, वेणी घालतात, बाहेर जायची साडी नेसतात आणि खांद्याला पिशवी अडकवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात. पहिल्या दिवशी मला वाटलं कुठे निघाल्या. कुठे नाही. म्हणाल्या, "अगं, मला काहीतरी काम सांग." मी तुरीच्या शेंगा सोलायला दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वाती वळायला दिल्या, गहू निवडायला दिले, पितळी डबे पुसायला दिले. सगळं नीट करतात, माझ्याहून नीट. झालं की पुन्हा दारात. "आणखी काही?" आज मी शोधून शोधून थकले. म्हटलं, वन्सं, जरा पडा ना. त्या म्हणाल्या, "नको गं. बाहेरचं काही असेल तर सांग."

उद्या संकष्टी आहे. सकाळी वन्संना खंडेराव मार्केटात जाऊन दुर्वांची जुडी आणि केळीची पानं आणायची आहेत.